मांड्याच्या हातानं पाव

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा-चौदा तपासणी खात्यात. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, फोडायचं, आत ब्लोहोल दिसला की खडूनं फुली मारायची. लोखंडात हवा अडकली की माल रिजेक्ट. आता निवृत्त झाल्यावर मैद्याच्या गोळ्यात हवा अडकावी म्हणून मी सकाळी उठून कट्ट्यापाशी उभा राहतो. बायको म्हणते, "त्या फुल्यांचं पाप फेडायलायसा."

सुरुवात पणजीत झाली. भाच्याच्या लग्नाचं रिसेप्शन एका हॉटेलात होतं. सूपबरोबर टोपलीतून छोटे, गोल, वरून चकचकीत पाव आले. वेटर त्याला डिनर रोल म्हणाला. फोडला तर आतून धागे सुटत होते, वाफ येत होती, आणि तोंडात टाकला की चावायचं कामच नाही. मी चार खाल्ले, पुढचं जेवण तसंच राहिलं. चोर्ला घाट चढून परत येताना डोक्यात तेच चाललेलं. तो आपला लादीपावच होता, फक्त लाडात वाढलेला. पाण्याच्या जागी दूध, वर लोणी, थोडी साखर. लेकीनं दोन दिवाळ्यांपूर्वी पाठवलेला ओटीजी, म्हणजे घरगुती विजेची भट्टी, खोक्यासकट माळ्यावर पडून होताच. मनात मांडे खायला काय जातंय, म्हटलं करून बघू.

मुहूर्त निवडला तो जुलैचा. बेळगावचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मीठ बरणीत पाणी सोडतं, आणि दुपारी बारा वाजताही स्वयंपाकघरात २२-२३ अंशांच्या वर पारा जात नाही. जी कृती मी लिहून घेतली होती तिच्यात लिहिलेलं, "पीठ तासाभरात दुप्पट होते." कुणाच्या घरात, ते लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या खेपेला पीठ तासात काय, चार तासांतही हललं नाही. मला वाटलं यीस्ट जुनं निघालं. रविवार पेठेतून आणलं होतं, दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटातलं चिमूटभर यीस्ट साखरेच्या कोमट पाण्यात टाकलं तर दहा मिनिटांत फेसाचा टोप आला. म्हणजे माल चांगला होता, मीच मारला. कृतीत "बोटाला सोसेल इतकं गरम दूध" असं होतं. आता ज्या बोटांनी तीन दशकं गरम कास्टिंग चाचपली, त्यांना काय सोसत नाही? थर्मामीटर आणून बघितलं तर मला जे "कोमट" वाटत होतं ते ६२ अंश निघालं. यीस्ट जिवंत असतं. ३५-४० अंशांत ते खुशीत असतं, ५५ च्या पुढं गेलं की मरतं. तेव्हापासून बोट खिशात आणि थर्मामीटर दुधात.

गोव्यात पूर्वी ही भानगडच नव्हती म्हणा. तिथले पोदेर, म्हणजे पाववाले, यीस्टच्या ऐवजी माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवायचे. आमच्याकडं ती सोय नाही, आणि असती तरी ती पिठापर्यंत पोचली असती याची खात्री देत नाही.

दुसऱ्या खेपेला पीठ फुगलं, पण मळताना घोळ झाला. दूध, लोणी घालून पीठ एकत्र केलं तर ते परातीला, हाताला, मनगटाला चिकटलं. एवढं चिकट पीठ बघितलं की आपला हात आपोआप डब्याकडं जातो. मूठभर मैदा टाकला. जरा बरं वाटलं. परत चिकटलं, परत मूठभर. असं करत करत चपातीला लागते तशी छान, गुळगुळीत, हात सोडणारी कणीक झाली. मी खूश. भाजून बाहेर काढले तेव्हा एक हातातून फरशीवर पडला आणि आवाज झाला. थंड झाल्यावर बायकोनं दोन दिवस ते चहात बुडवून बुडवून खाल्ले. "बटर म्हणून वाईट नाहीत," म्हणाली. बेकरीतल्या त्या टणक बटरची सवय असलेल्या माणसांना ही स्तुतीच वाटेल. मला वाटली नाही.

याच सुमाराला शहापूरची मावशी आमच्याकडं राहायला आली. बायकोची मावशी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. आणि ही बाई कोण, तर तिच्या उमेदीत लग्नसराईत मांडे करायला जिला गाडी पाठवून बोलवायचे ती. बेळगावचे मांडे ज्यांनी होताना बघितले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सपिटाची कणीक इतकी सैल आणि चिवट तिंबतात की पिठीसाखर-तुपाचं सारण भरलेली पोळी लाटण्याखालून काढून दोन्ही मुठींवर घेऊन हवेत ताणत न्यायची, ती हातभर पसरते, आरपार दिसायला लागते, आणि मग ती पालथ्या खापरावर टाकायची. फाटली तर सगळी साखर विस्तवात. मावशीची फाटत नसे.

तर ती खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसली. मी तिसऱ्यांदा पीठ मळायला घेतलेलं आणि हात सवयीनं मैद्याच्या डब्याकडं गेलेला. डब्याचं झाकण वाजलं तशी म्हणाली, "जावई, काय घालायलायसा?"

"मैदा. चिकटतंय फार."

"चिकटू दे की. अजून त्यानं पाणी प्यालेलं नाही. झाका आणि गप बसा अर्धा तास."

माझ्या वयाच्या माणसाला कुणी गप बसा म्हणालं तर गंमत वाटते. बसलो. अर्ध्या तासानं तेच पीठ, एक कण मैदा न घालता, निम्म्यानं शहाणं झालेलं. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी शोषून एकमेकांना धरायला वेळ लागतो आणि त्यातनंच ग्लूटेनची जाळी तयार होते, हे मी नंतर वाचलं. पीठ नुसतं ओलं करून ठेवलं तरी निम्मं काम आपोआप होतं. मावशीला ग्लूटेन माहीत नाही. तिला पीठ "ऐकतंय" की "ऐकत नाही" एवढंच माहीत.

पुढची पंधरा मिनिटं तिनं जे माझ्याकडून करून घेतलं त्याला मळणं म्हणत नाहीत, तिंबणं म्हणतात. दाबायचं नाही. बोटांना जरासं तेल, पीठ एका टोकाला धरून उचलायचं, कट्ट्यावर आपटायचं, ताणून स्वतःवर दुमडायचं, चतकोर वळसा, परत उचलायचं. सुरुवातीला निम्मं पीठ कट्ट्यावरच राहतं. पाचव्या मिनिटाला कट्टा सुटायला लागतो. मग मऊ लोणी, थोडं थोडं. लोणी घातलं की पीठ परत बिघडल्यासारखं होतं, लिबलिबीत, तेलकट, तुकडे तुकडे. इथं धीर सोडायचा नाही, आणखी चार-पाच मिनिटांत ते सगळं पोटात घेतं. लोणी आधीच घातलं तर ते पिठाच्या कणांवर बसतं आणि जाळी धरू देत नाही, म्हणून ते शेवटी. बाहेर पाऊस, आत माझं आपटणं. खालच्या मजल्यावरच्या पाटीलकाकू एकदा वर येऊन विचारून गेल्या, सगळं बरं आहे ना घरात.

"आता चिमटीएवढं घ्या आणि ताणा," मावशी म्हणाली. "खिडकीकडं धरा. पलीकडचं दिसतंय का?"

तिला स्वतःला काही दिसत नव्हतं. मी ताणलं. पडदा पातळ होत गेला, बोटाची सावली दिसली, आणि फाटला.

"फाटला."

"मग अजून शंभर वेळा आपटा."

दुसऱ्यांदा पडदा टिकला. त्यातून समोरच्या घराची पत्र्याची पन्हाळ आणि तिच्यातून पडणारी धार दिसली. मावशीनं हात पुढं केला, पिठाचा गोळा तळव्यावर घेतला, उचलल्यासारखं केलं आणि परत दिला. काही बोलली नाही.

एवढं सगळं झाल्यावर ती खेपही वाया गेली, आणि त्यात मावशीचा वाटा होता, हे सांगायलाच पाहिजे. "उबेला ठेवा," म्हणून तिनं ते पातेलं पेटत्या शेगडीला लागून ठेवायला लावलं. शेगडीवर तुरीची डाळ शिजत होती. लोणी ३२-३५ अंशांना वितळतं. पातेल्याच्या त्या बाजूला पिठातलं लोणी सुटून तळाशी आलं, दुसरी बाजू गार, आणि गोळे करून ठेवल्यावर ते असे भसाभसा फुगले की ओटीजीत शिरता शिरताच बसले. आंबिलीसारखा वास. वरून काळे, आतून चिकट. काळे झाले त्याचं कारण वेगळं निघालं. ओटीजीच्या बटणावर १८० होतं, आणि मी फाउंड्रीच्या सवयीनं आत सुटं थर्मामीटर ठेवून तपासलं तर २१०. भट्टीच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मी पोरांना इतकी वर्षं शिकवलं, आणि घरच्या भट्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवला. आता बटण १५५ च्या जवळ ठेवतो, तेव्हा आत १८० मिळतात. तुमच्या ओटीजीचा आकडा वेगळा असेल, पण एकदा मोजून घ्या.

चौथी खेप विजेनं खाल्ली. भाजायला ठेवून नऊ मिनिटं झाली आणि गेली. पाऊण तासानं आली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पाचव्यांदा मी कागद घेऊन बसलो आणि सगळं वजनावर आणलं. वाटी-चमच्याचा हिशेब मला पटत नाही. दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यात मैद्याचा मोठा फरक पडतो. ३०० ग्रॅम मैदा, २१० ग्रॅम दूध, ३० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम लोणी, ५ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. अंडं नाही, कारण मावशी घरात होती. यातला २० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम दूध बाजूला काढून मंद आचेवर ढवळत त्याची लापशी करायची. चमचा फिरवला की मागं रेघ राहिली पाहिजे, तेवढं घट्ट. ही युक्ती मी वाचली तेव्हा परदेशी वाटली होती. बायको बघून म्हणाली, "ही तर उकड." आणि खरंच उकडच. तांदळाच्या भाकरीला पीठ उकळत्या पाण्यात का घालतात? कच्चं पीठ जेवढं पाणी धरतं त्याच्या कितीतरी पट शिजलेलं धरतं. पिठातला स्टार्च ६५ अंशांच्या आसपास फुलतो आणि पाणी पोटात कोंडून ठेवतो. पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो तो या २० ग्रॅमच्या जोरावर. ही लापशी मात्र पूर्ण गार करून घालायची, नाहीतर परत यीस्टचा खून.

दूध आधी उकळून घ्या असं परदेशी कृतींत मुद्दाम सांगितलेलं असतं, कारण कच्च्या दुधातलं एक प्रथिन पिठाची जाळी सैल करतं. आपल्याकडं न उकळलेलं दूध घरात कोण ठेवतंय? त्या बाबतीत आपण आधीच पुढं आहोत.

अर्धा तास झाकून, पंधरा मिनिटं आपटून, पडदा बघून झाला. फुगवायला शेगडीजवळ नाही, तर बंद ओटीजीत ठेवलं, खाली वाटीभर गरम पाणी. आत २८-२९ अंश आणि दमट हवा. बायको मधून मधून ओरडायची, "उघडू नकासा, मी बघतो!" (आमच्या भागात बायका "मी बघतो, मी येतो"च म्हणतात. पुण्याहून आलेल्या आमच्या सुनेला पहिले सहा महिने पलीकडच्या खोलीत कोण बोलतंय याचा पत्ता लागत नव्हता.) पावणेदोन तास लागले. दुप्पट झालं हे डोळ्यांना नीट कळत नाही, म्हणून मी पातेल्याला बाहेरून खडूनं खूण करतो. खडू अजून घरात आहे.

मग हवा हलकेच दाबून काढायची आणि वजन करून गोळे. प्रत्येकी ४७ ग्रॅम, बारा झाले. बायको म्हणाली, सोनार बसलाय. पण गोळे लहान-मोठे असले तर लहान आधी वाळतात आणि मोठे मध्ये कच्चे राहतात. गोळा वळताना मावशीनं परत टोकलं. मी लाडू वळतात तसे वळत होतो. "पुरणाचा उंडा करता की नाही तसं करा. कडा आत घ्या, तोंड खाली, वरचं कातडं ताणलेलं पाहिजे." उंडा म्हटल्यावर मला हसू आलं, कारण गोव्यात पावाच्या एका जातीचं नावच उंडो आहे. वरचा पापुद्रा ताणलेला असला तर पाव उंच उठतो, सैल असला तर आडवा पसरतो. नऊ इंची गोल डब्यात मध्ये तीन आणि कडेनं नऊ, दोन गोळ्यांत बोटभर अंतर. एकमेकांना टेकूनच ते वर जायला पाहिजेत, तेव्हा बाजू मऊ राहतात आणि तोडताना धागे सुटतात.

परत तासभर. इथं घड्याळ उपयोगाचं नाही. बोटानं कडेला हळूच दाबायचं. खळगा लगेच भरून आला तर थांबायचं, सावकाश अर्धवट भरला तर भाजायला न्यायचं, अजिबातच भरला नाही तर मागच्या शेगडीची आठवण काढायची. फाउंड्रीत मोल्डिंगची वाळू आम्ही मुठीत दाबून, मोडून बघायचो, ओल बरोबर आहे का. प्रयोगशाळेचा आकडा नंतर यायचा. दुसऱ्यांदा बोट दाबताना मला तेच आठवलं.

वरून दुधाचा हात, १८० अंश, २१ मिनिटं. त्यातली सातवी ते दहावी मिनिटं मी काचेसमोर स्टूल टाकून बसलो होतो. गोळे पहिल्या काही मिनिटांत एकदम वर उसळतात. शेवटची हवा तेव्हा फुगते. १४०० अंशांचं लोखंड साच्यात ओतताना मी इतकं डोळे लावून बघितलं नसेल. पंधराव्या मिनिटाला वास जिन्यात गेला. वीज राहिली. एका पावाच्या पोटात थर्मामीटरची काडी घातली, ९१ अंश. ९० ओलांडले की आतून शिजला. बाहेर काढल्या काढल्या वरून पांढरं लोणी फिरवलं, बाजारातलं, केळीच्या पानातलं. ते चर्र झालं नाही, नुसतं विरघळून गेलं. मग ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं, म्हणजे वरची साल मऊ पडते. डब्यात तसेच ठेवले तर तळ घामेजतो, म्हणून जाळीवर.

पहिला मी फोडला. भोकं होती. बारीक, सारखी, वरपासून खालपर्यंत. असं कास्टिंग आलं असतं तर सबंध हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा सगळा माल, परत पाठवली असती. पाटीलकाकूंकडं दोन दिले. त्यांच्याकडं त्यांची कन्नड मैत्रीण बसलेली, तिनं दोन बोटांत दाबला आणि म्हणाली, "भाळ मेत्तग आग्याव री." फार मऊ झालेत. मी ते वाक्य जिना चढेपर्यंत मनात धरून आणलं आणि मावशीला सांगितलं.

आता मावशी. तिनं आयुष्यात पाव खाल्लेला नव्हता. "पायानं तुडवतात, म्हणून तर पाव," हे तिच्या सासूनं सांगितलेलं, आणि ते पक्कं होतं. मी म्हटलं, मावशी, पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पायाशी त्याचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "आणि पोर्तुगीज पायानं तुडवत नव्हते कशावरून?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग बायको म्हणाली, अगो, हे तर तुझ्या डोळ्यादेखत केलेत. "एका डोळ्यादेखत," मावशीनं दुरुस्त केलं. पण हात पुढं केला.

कडेचा एक दिला. तिनं आधी हुंगला, मग तोडला. धागा बराच लांबला, ते तिला दिसलं नसेल, बोटांना कळलं असावं, कारण तिनं सावकाश दुसरीकडून परत तोडून बघितला. चहात बुडवला नाही. नुसताच खाल्ला, सगळा.

"साखर कमी पडली," म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सात संपले. बाकीचे मी शहाणपणानं फ्रिजमध्ये ठेवले, आणि तिथं चुकलो. फ्रिजच्या गारठ्यात पाव बाहेरच्यापेक्षा लवकर ताठर होतो. बाहेर, घट्ट डब्यात दोन दिवस राहतो, जुलैत त्याहून जास्त ठेवू नये, बुरशी येते. जास्त असतील तर सरळ फ्रीजरमध्ये. फ्रिजमधले ताठरलेले पाव फडक्यात गुंडाळून भाताच्या वाफेवर दोन मिनिटं धरले तर परत बऱ्यापैकी माणसात आले.

पुढच्या आठवड्यात मावशी शहापूरला गेली, रिक्षात बसताना चष्मा सावरत. तिसऱ्या दिवशी फोन आला. बायकोला म्हटलं घे, तर म्हणाली, तुम्हालाच मागायलीय.

"जावई, मी विचार करायलो. त्यात मांड्याचं सारण भरलं तर फुटतंय काय हो?"

मी म्हटलं, साखर वितळून तळाला येईल बहुतेक.

"तोंड नीट बंद केलं तर कशाला येईल? शनिवारी येतो मी. पीठ रात्रीच भिजवून ठेवू नकासा, मी आल्यावर."